ओ*नेटवर पदवीचा कोड टाकल्यावर काय हाती लागतं

पदवी एका विषयाची आणि काम भलतंच, ही तक्रार नवी नाही. पण हा बेमेळ नेमका किती आणि कुठे, असं विचारलं की गाडी ओळखीच्या चार जणांच्या उदाहरणांवर येऊन थांबते. त्यापुढे जायचं असेल तर अमेरिकेच्या कामगार खात्याचं ओ*नेट हे साधन हाताशी आहे. ते कुठूनही उघडतं, नोंदणी मागत नाही, पैसेही पडत नाहीत. जुन्या छापील व्यवसायकोशाच्या जागी १९९८ साली ते आलं. आज त्यात ९२३ व्यवसायांची माहिती गोळा होते: कोणती कामं करावी लागतात, काय यावं लागतं, कोणती सॉफ्टवेअर वापरली जातात, किती शिक्षण लागतं.

पदवी आणि नोकरीचा मेळ तपासायला त्यातले तीन भाग उघडून पाहावेसे वाटतात. एक, पदवीवरून व्यवसाय दाखवणारा क्रॉसवॉक. दोन, प्रत्येक व्यवसायाचा तपशीलवार अहवाल. तीन, आवडीनिवडीची प्रश्नावली. यातला मधला भाग खरोखर कामाचा आहे. पहिला जपून वापरायचा. तिसऱ्याकडे या प्रश्नापुरती पाठ फिरवली तरी फारसं बिघडत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकीचे वाचले जातात. बेमेळ दोन जातींचा असतो. पदवी घेऊन असं काम करणं, ज्याला पदवी लागतच नाही, हा पातळीचा बेमेळ. पदवी लागणारंच काम, पण दुसऱ्याच विषयाचं, हा विषयाचा बेमेळ. ओ*नेट पातळीबद्दल प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारतं: या कामावर नवीन माणूस घ्यायचा तर किती शिक्षण लागेल? शिक्षण कशाचं, हे त्यात विचारलेलं नाही. विषयाचा मेळ फक्त क्रॉसवॉकमध्ये दिसतो आणि तो लोकांना विचारून बनवलेला नाही. अभ्यासक्रमाचं वर्णन आणि व्यवसायाचं वर्णन शेजारी ठेवून तज्ज्ञांनी लावलेल्या त्या जोड्या आहेत. इतिहासाची पदवी घेतलेले लोक पुढे कुठे गेले, हे क्रॉसवॉक सांगत नाही. त्या पदवीचा थेट संबंध कोणत्या कामाशी लावता येतो, एवढंच सांगतो. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

क्रॉसवॉक वापरायला सोपा आहे. ओनेटऑनलाइन डॉट ऑर्गवर ‘क्रॉसवॉक्स’ उघडा, त्यात ‘एज्युकेशन’ निवडा आणि विषयाचं नाव किंवा सहा अंकी कोड टाका. कोडची रचना दोन अंक, टिंब, चार अंक अशी असते: स्थापत्य अभियांत्रिकी १४.०८०१, रसायनशास्त्र ४०.०५०१, नर्सिंग ५१.३८०१, व्यवसाय प्रशासन ५२.०२०१, इतिहास ५४.०१०१. कोड इंग्रजी आकड्यांत टाका. शोधताना पदवीचं नाव टाकू नका, विषय टाका. ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ लिहून काही हाती लागत नाही. दोन मुख्य विषय असतील तर दोन कोड वेगवेगळे पाहा. आणि हे अभ्यासक्रमांचं वर्गीकरण अमेरिकी आहे, त्यामुळे नाव सारखं म्हणून कोड उचलू नका. कोडखालचं दोन-तीन ओळींचं वर्णन स्वतःच्या अभ्यासक्रमाशी ताडून घ्या.

आता ५४.०१०१ टाकून बघा. इतिहासासमोर येतात इतिहास संशोधक आणि महाविद्यालयात इतिहास शिकवणारे. दोन्ही व्यवसाय पाचव्या जॉब झोनमधले. ओ*नेटने तयारीनुसार पाच झोन पाडले आहेत. चौथ्यात बहुतेक कामांना पदवी लागते, पाचव्यात पदवीच्या पुढचं शिक्षण. म्हणजे इतिहासाचा नुसता पदवीधर क्रॉसवॉकच्या हिशेबाने ‘जुळणाऱ्या’ कामावर जवळपास जाऊच शकत नाही. तो बातमीदार झाला, धोरण विश्लेषक झाला, संपादक झाला, तरी त्याची गणना विषय सोडलेल्यांतच.

त्याच खिडकीत ५२.०२०१ टाका. व्यवसाय प्रशासनासमोर व्यवस्थापकीय पदांची लांबलचक यादी उघडते आणि तिच्यात मुख्य कार्यकारी अधिकारीसुद्धा आहे. पदवी हातात पडल्यावर पहिल्या नोकरीत मुख्य कार्यकारी अधिकारी कोण होतं? पण यादी लांब असली की मेळ बसण्याची शक्यता आपोआप वाढते. या दोन पदव्यांच्या ‘जुळणी’ची टक्केवारी शेजारी ठेवून एकीला हुशार आणि दुसरीला निरुपयोगी ठरवणं म्हणजे रुंद जाळ्यात जास्त मासे आले म्हणून तळ्याचं कौतुक करण्यासारखं आहे.

वृत्तपत्रांत फिरणारी टक्केवारी याच कारणामुळे एकमेकींना भिडते. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेचे अर्थतज्ज्ञ जेसन एबेल आणि रिचर्ड डाइट्झ यांनी २०१० ची जनगणना खात्याची आकडेवारी घेऊन, कोडाला कोड जुळवून हिशेब केला. पदवी लागणाऱ्या कामात साधारण ६२ टक्के पदवीधर निघाले आणि स्वतःच्या विषयाशी थेट जुळणाऱ्या कामात फक्त २७ टक्के. दुसरीकडे जॉन रॉब्स्ट यांनी २००७ मध्ये मांडलेला अभ्यास १९९३ च्या पदवीधर सर्वेक्षणावर उभा आहे. त्यात लोकांनाच विचारलं होतं, तुमचं काम तुमच्या पदवीशी किती संबंधित आहे? ५५ टक्के म्हणाले जवळचा संबंध, २५ टक्के म्हणाले थोडाफार, २० टक्के म्हणाले काहीच नाही. एकीकडे २७, दुसरीकडे ५५. मधल्या वर्षांत जग बदललं हे खरं, पण या फरकाचा मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीतून येतो. कोड पदनाम बघतो, माणूस रोजचं काम बघतो. भौतिकशास्त्र शिकून विम्याच्या जोखमीची गणितं करणाऱ्याला कोड बेमेळ म्हणेल आणि तो स्वतः ‘जवळचा संबंध’ यावर खूण करेल. म्हणून एखादी टक्केवारी समोर आली की ती कोड जुळवून काढली की लोकांना विचारून, एवढं आधी बघायचं.

रॉब्स्ट यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. ज्या पदव्या सर्वसाधारण कौशल्यं देतात त्यांत विषय सुटण्याचं प्रमाण जास्त, पण सुटल्यावर पगारात बसणारा फटका कमी. ज्या पदव्या एका व्यवसायासाठीच घडवतात त्यांत उलटं: फार लोक बाहेर जात नाहीत, गेले तर मात्र जास्त गमावतात. म्हणजे बेमेळाचं प्रमाण आणि बेमेळाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. क्रॉसवॉक यातलं काहीच दाखवत नाही.

व्यवसायाचा अहवाल मात्र सोनं आहे, फक्त कुठे वाचायचा ते माहीत हवं. व्यवसायाच्या पानावर ‘समरी’ आणि ‘डिटेल्स’ असे पर्याय असतात. थेट ‘डिटेल्स’ उघडा. वर अद्ययावत केल्याचं वर्ष दिसतं, ते आधी पाहून घ्या. दर वर्षी सगळेच व्यवसाय नव्याने तपासले जात नाहीत, काहींची माहिती बरीच जुनी असते. तंत्रज्ञानाशी जोडलेल्या कामात पाच-सहा वर्षांपूर्वीची माहिती म्हणजे शिळी माहिती.

मग सरळ ‘टास्क्स’. इथे प्रत्येक कामापुढे ते किती महत्त्वाचं आहे ते सांगणारा आकडा आणि ‘कोअर’ किंवा ‘सप्लिमेंटल’ अशी खूण असते. कोअर कशाला म्हणायचं याचा नियम पक्का आहे: तो व्यवसाय करणाऱ्यांपैकी किमान ६७ टक्के लोकांनी हे काम आपल्याला लागू पडतं असं सांगितलेलं असावं आणि महत्त्व पाचपैकी सरासरी ३ किंवा त्याहून जास्त असावं. सप्लिमेंटल कामं पहिल्या फेरीत सोडून द्या.

‘स्किल्स’ हा भाग दिसायला आकर्षक आणि आपल्या कामासाठी कुचकामी. ऐकून घेणं, वाचून समजणं, चिकित्सक विचार, बोलणं हे पदवीच्या पातळीवरच्या बहुतेक व्यवसायांत वरच्या चार-पाचांत असतंच. हिशेबनीस आणि पर्यावरण शास्त्रज्ञ यांच्यातला फरक त्यातून कळणार नाही. शिवाय हे गुण काम करणाऱ्यांनी दिलेले नसून प्रशिक्षित विश्लेषकांनी दिलेले असतात. ‘नॉलेज’मध्ये ३३ ज्ञानक्षेत्रं आहेत, तिथे फरक जास्त उठून दिसतो. ‘टेक्नॉलॉजी स्किल्स’मध्ये सॉफ्टवेअरची नावं असतात. यादी लांब असते, त्यातली ज्वालेची खूण असलेली, म्हणजे नोकरीच्या जाहिरातींत वारंवार येणारी, तेवढीच बघा.

‘एज्युकेशन’मध्ये किती टक्के लोकांनी कोणती पातळी लागते असं सांगितलं ते येतं. नुसता सर्वात मोठा आकडा वाचून पुढे जाऊ नका. समजा ४५ टक्के पदवी म्हणाले, २५ टक्के दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि २० टक्के शालांत शिक्षण. याचा अर्थ त्या कामावर आत जायचे तीन दरवाजे आहेत आणि पदवीधराला तिथे पदवी नसलेल्या, पण अनुभव असलेल्या माणसाशी स्पर्धा करावी लागेल. जिथे ९० टक्के एकाच पातळीवर आहेत तिथे दरवाजा एकच.

मुख्य काम यापुढे. साधन ते आपोआप करून देत नाही, आणि इथेच त्याचे गुण कापले जातात. अभ्यासक्रम आणि कामांची यादी शेजारी ठेवून ताळा स्वतःच घ्यावा लागतो. पद्धत अशी: व्यवसायाची कोअर कामं महत्त्वाच्या क्रमाने घ्या, साधारण दहा पुरतात. प्रत्येक कामाला अभ्यासक्रमाकडे बघून ०, १ किंवा २ गुण द्या. स्वतःच्या हाताने किमान तीनदा केलेलं आणि दाखवायला काही पुरावा असलेलं असेल तर २. वाचलेलं किंवा एकदाच केलेलं असेल तर १. अभ्यासक्रमात नावालाही नसेल तर ०.

रसायनशास्त्राची पदवी आणि तांत्रिक लेखकाचं, म्हणजे यंत्रं-उत्पादनं कशी वापरायची ते लिहून देणाऱ्याचं काम घेऊन बघू. क्रॉसवॉकमध्ये रसायनशास्त्रापुढे रसायनशास्त्रज्ञ येतो, तांत्रिक लेखक येत नाही. आता कामं बघा. कामाच्या आणि दुरुस्त्यांच्या नोंदी ठेवणं: प्रयोगवहीची शिस्त हीच असते, तारीख टाकायची, खाडाखोड न करता एक रेघ मारायची, बदल का केला ते लिहायचं. गुण २. प्रयोग आणि उत्पादन प्रत्यक्ष पाहून कार्यपद्धती टिपून काढणं: प्रयोगशाळेत दर आठवड्याला हेच. गुण २. क्रम, स्पष्टता, परिभाषा यांचे ठरलेले नियम पाळून मजकूर पुरा करणं: प्रयोगाचा अहवाल लिहिलेला असतो, पण तो परीक्षकासाठी, यंत्र पहिल्यांदाच हाताळणाऱ्यासाठी कधी नाही. गुण १. आकृत्या आणि छायाचित्रं निवडणं: आलेख काढलेले असतात, निवड केलेली नसते. गुण १. अभियंत्यांशी बोलून आणि नियतकालिकं वाचून उत्पादन समजून घेणं: वाचन येतं, मुलाखत कधी घेतलेली नसते. गुण १. दुसऱ्याचं लिखाण संपादित करून एकसारखं करणं: शून्य. सहा कामांत बारापैकी ७.

याच पदवीचा ताळा रसायनशास्त्रज्ञाच्या कामाशी घेतला की गंमत दिसते. क्रोमॅटोग्राफी आणि स्पेक्ट्रोस्कोपीने पदार्थांचं पृथक्करण करणं यावर १ किंवा २ मिळतात, ते प्रयोगशाळेत उपकरणाला हात लागला की फक्त प्रात्यक्षिक बघायला मिळालं यावर ठरतं. पण उपकरणं नीट चालू ठेवणं आणि बिघाड शोधणं हेही कोअर कामांत मोडतं, आणि ते विद्यार्थ्याच्या वाट्याला जवळपास कधीच येत नाही. उपकरण बिघडलं की प्रयोगशाळा सहायकाला बोलावतात आणि विद्यार्थ्याला पुढच्या टेबलावर पाठवतात. पदनाम जुळलं तरी तिथे शून्य. मेळ पदनामात बघायचा नसतो तो यासाठी.

ताळा घेताना दोन चुका सर्रास होतात. एक, परीक्षेत चांगले गुण होते म्हणून २ देणं. परीक्षेतले गुण माहितीचे असतात, इथे कृती मोजायची आहे. दोन, कामाचं वाक्य विषयाच्या मथळ्यासारखं वाचणं. ‘आकडेवारीचं विश्लेषण’ दिसलं की संख्याशास्त्राचा पेपर होता म्हणून खूण केली जाते. पूर्ण वाक्य वाचलं तर ते विश्लेषण करून विभागप्रमुखासाठी शिफारस लिहिणं असं निघतं आणि शिफारस लिहिण्याचा भाग कोरा राहतो. माझ्या मते बेरीज ६० टक्क्यांच्या पुढे गेली तर पदवी त्या कामाला पुरेशी जवळची समजावी, नाव काहीही असो. ४० च्या खाली गेली तर शून्य मिळालेली कामं एखाद्या छोट्या अभ्यासक्रमाने किंवा प्रकल्पाने भरता येतील का, ते एकेक तपासावं. शून्यं मोजकी असतील आणि ती सॉफ्टवेअरची असतील तर काही महिन्यांत भरतात. माणसांशी वागण्याची असतील तर त्याला प्रत्यक्ष काम केल्याशिवाय इलाज नाही.

परवाना लागणाऱ्या व्यवसायांसाठी एवढा उपद्व्याप नको. वैद्यक, नर्सिंग, वकिली यांत कायदाच पदवीला कामाशी बांधून ठेवतो. तिथे ओ*नेट न उघडता परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम वाचावेत.

पातळीचा बेमेळ बघायला न्यूयॉर्क फेडचा तक्ता जोडीला घ्यावा. विषयवार आकडे, २२ ते २७ वयाचे पदवीधर, सगळं मोफत. तो तक्ता उभा आहे ओ*नेटच्याच उत्तरांवर: एखाद्या व्यवसायातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी किमान पदवी लागते म्हटलं तर ते काम पदवीचं, नाहीतर नाही. त्यामुळे ५१ आणि ४९ टक्क्यांचे व्यवसाय रेषेच्या दोन बाजूंना पडतात, प्रत्यक्षात फरक नगण्य असला तरी. या तक्त्यात बेरोजगारी आणि कमी पातळीच्या कामात असणं हे दोन रकाने एकत्र वाचले नाहीत तर फसगत ठरलेली. २०२३ च्या आकड्यांत संगणकशास्त्राची बेरोजगारी ६.१ टक्के होती आणि कलेच्या इतिहासाची ३. याच्या बातम्या झाल्या, संगणक शिकून पस्तावले वगैरे. शेजारचा रकाना कमीच जणांनी वाचला: संगणकशास्त्राचे १६.५ टक्के पदवीधर कमी पातळीच्या कामात होते, कलेच्या इतिहासाचे जवळजवळ निम्मे. एक गट हव्या त्या कामाची वाट बघत थांबतो, दुसरा मिळेल ते काम धरतो, असाही त्याचा अर्थ निघतो.

आवडीनिवडीच्या प्रश्नावलीबद्दल थोडक्यात. मायनेक्स्टमूव्ह डॉट ऑर्गवर ती आहे, साठ प्रश्नांची. जॉन हॉलंड यांच्या सहा प्रकारांवर आधारलेली: हातकाम, शोध, कला, माणसं, उद्योजकता, शिस्तबद्ध कचेरी. प्रत्येक प्रकाराचे दहा प्रश्न, गुण ० ते ४०. फरशी बसवायला आवडेल का, नवं औषध शोधायला आवडेल का, असे साधे प्रश्न. पगार आणि पात्रता विसरून उत्तरं द्या अशी सूचना असते आणि नेमकी तीच पाळली जात नाही. सगळीकडे ‘नक्की सांगता येत नाही’ दाबत गेलं तर सहाही प्रकारांत २० येतात, त्यातून काही निष्पन्न होत नाही. पदवी घेऊन झालेल्याला ही प्रश्नावली फक्त आवड सांगते, मेळ नाही.

मर्यादा उघड आहेत. पगार आणि मागणीचे अंदाज अमेरिकेचे. बाहेरच्या वाचकाने तो भाग झाकून ठेवावा. सगळा मजकूर इंग्रजीत. जाहिरातींतली पदनामं ओ*नेटच्या नावांशी जुळत नाहीत, त्यासाठी अहवालाच्या वरच्या बाजूला दिलेली लोकांनी सांगितलेल्या पदनामांची यादी बघा आणि नोकरी शोधताना तीच नावं वापरा. अमेरिकेबाहेरचा संदर्भ हवा असेल तर युरोपीय संघाचा एस्को कोश आहे: जवळपास ३,००० व्यवसाय, १३,००० च्या वर कौशल्यं, आणि प्रत्येक कौशल्य त्या व्यवसायाला आवश्यक की ऐच्छिक याची स्पष्ट विभागणी. ताळा घ्यायला ती विभागणी सोपी पडते, पण कामांची वाक्यं ओ*नेटइतकी ठोस नाहीत. ओ*नेटच्या क्रॉसवॉक यादीत एस्कोचाही पर्याय आहे.

एकाच वेळी पाच-सहा व्यवसाय तपासायचे असतील तर पानं उघडत बसू नका. पूर्ण माहितीसाठा एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो, श्रेय देऊन वापरायला परवानगी आहे. ‘टास्क स्टेटमेंट्स’ ही फाइल घ्या, हव्या त्या व्यवसायांचे कोड गाळून घ्या, टास्क टाइपच्या रकान्यात फक्त कोअर ठेवा आणि शेजारी रिकामा रकाना जोडून ०, १, २ भरत जा. प्रत्येक काम किती महत्त्वाचं याचे आकडे ‘टास्क रेटिंग्ज’ या वेगळ्या फाइलमध्ये आहेत. दोन्ही टास्क आयडीवर जोडाव्या लागतात.